दादाची पुढची, माझी मागची

काशीरामला लोक हिशेबी म्हणत. मला हा शब्द त्याच्यासाठी वापरणं पटत नाही. हिशेब करायला डोकं लागतं. शाळेत तो माझ्या वर्गात होता, त्याला मी शास्त्र शिकवलं, म्हणजे शिकवायचा प्रयत्न केला, तेव्हा हे मी माहितीवरून सांगते आहे.

जूचंद्रला त्यांचं घर आमच्या घराला लागून. बाप गेला, रस्त्याकडची जमीन बिल्डरला गेली, आणि थोरला जयराम आणि धाकटा काशीराम या दोघा भावांनी वाटण्या केल्या. घरात मधोमध भिंत आली. विहिरीवरचे वार ठरले. ओटीवरचा झोपाळा सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे टांगायचा ठरला, आणि उन्हाळा कोणाच्या वाट्याला यावा यावरून दोघांच्या बायका आठवडाभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. बापाचा फोटो एकच होता. काशीरामने त्याची प्रत काढून आणली, ती मूळ फोटोपेक्षा बोटभर मोठी निघाली. लगेच जयरामनेही मोठी काढून आणली. जिवंतपणी बापाकडे कोणी इतकं बघितलं नव्हतं.

वाटलं गेलं नाही ते फक्त खाडीकडचं शेत. ते आईच्या, धोंडूबाईच्या, नावावर होतं. भरतीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा लांबलचक बांध, आणि बांधाच्या आत तिचं तांबडं राता भात. "मी मेल्यावर वाटा," ती म्हणायची, "तवर ते शेत माजा." बाई सत्तरीची, पण आवाज असा की बिल्डरची माणसं कुंपणापाशीच चपला काढून उभी राहायची.

आणि होती एक जीप. वाटणीच्या आधी दोघांनी मिळून मिलिटरीच्या लिलावात घेतलेली. चारही चाकांना जोर देणारी. नेहमीच्या गिअरच्या शेजारी आणखी एक लिव्हर. तो टाकला नाही तर फक्त मागची चाकं गाडी ढकलतात, पुढची नुसती वळायला. टाकला की चारही राबतात. खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीतल्या, चिखलात ती बैलांना भारी पडायची. एक आठवडा जयरामचा, एक काशीरामचा, असं सगळं सुखात चाललं होतं. मग चारही टायरांना टक्कल पडलं.

जयराम म्हणाला, चार नवे घेऊ. काशीराम म्हणाला, "का म्हनून? तू तुजे घे. पुढची दोन तुजी, मागची दोन माजी. माजे अजून वर्सभर चालतील."

जगात कुठल्याही घरात जीप अशी आडवी कापली गेली असेल असं मला वाटत नाही. जयरामही काही कमी शहाणा नव्हता. त्याने समजूत घालायची सोडून ईर्षेने वालीवच्या फर्डिनंडच्या गॅरेजात जाऊन पुढे दोन कोरे करकरीत टायर बसवले. फर्डिनंड गिऱ्हाइकाशी बोलतो ते अख्ख्या गल्लीला ऐकू जावं म्हणून. त्याने दोघांना ओरडून सांगितलं, "दोन नवे, दोन टकले, ठीक हाय, चालवा! पन डांबरावर फोर-व्हील टाकू नका. चिखलातच टाकायचा तो लिव्हर. ऐकला नाय तर परत माज्याकडेच येशाल, आनि मी कोनाला नाय बोलत नाय!"

एवढ्यावर एखादा माणूस गप्प बसला असता. काशीरामच्या डोक्यात त्यातलं भलतंच शिरलं. संध्याकाळी तो माझ्या ओटीवर आला.

"बाई, लिव्हर टाकला नाय तर गाडी कोनती चाकं चालवतात?"

"मागची."

"म्हंजे माजी राबनार, आनि दादाची फुकट फिरनार?"

मी त्याला समजावलं. झिजलेला टायर नव्यापेक्षा बुटका. तेवढीच वाट कापायला त्याला जास्त गिरक्या घ्याव्या लागतात. लिव्हर टाकला की पुढची आणि मागची चाकं आतून एकमेकांना बांधली जातात, मग गिरक्या सगळ्यांना सारख्याच. तीन पायांच्या शर्यतीत उंच आणि बुटक्या पोराचे पाय एकत्र बांधावे तसं. चिखलात चाक जरा घसरतं आणि निभावून जातं. डांबरावर घसरायला जागा नाही, सगळा पीळ आतल्या गिअरपेटीवर बसतो आणि एक दिवस ती फुटते.

"कलला," सगळं कळल्यासारखी मान हलवत तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने लिव्हर टाकला तो काढलाच नाही. पुढच्या आठवड्यात जयरामची पाळी आली तेव्हा लिव्हर इतका घट्ट बसला होता की त्याला काढता येईना. वळणावर जीप कण्हायची. पुढचे नवे टायर रस्त्यावर घासून काळे पट्टे उठायचे. ते पट्टे दाखवत काशीराम मला म्हणाला, "बगा बाई, आता दादाचे पन झिजतात." परीक्षेत पहिला आल्यासारखा चेहरा. या माणसाला मी न्यूटन शिकवला होता.

ऑक्टोबरात, पुनवेच्या आदल्या दिवशी, धोंडूबाईच्या बांधाला खांड पडली. बैलगाडी जाईल एवढं भगदाड. भात पिवळं झालेलं, कापणीला आलेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी उधाणाची भरती यायची होती, ती आत शिरली असती तर ते पीक गेलंच असतं, वर मुरलेलं मीठ धुऊन निघेपर्यंत पुढची दोन-चार वर्षं त्या जमिनीत भात झालं नसतं. आणि पिकत नसलेली जमीन म्हातारी कोणाच्या भरवशावर धरून ठेवणार? बिल्डर वाटच बघत होता.

सकाळी अंगणात दोघं भाऊ जीप घेऊन उभे. डोंगराच्या पायथ्याशी मुरूम भरायचा आणि बांधावर टाकायचा. मोठा माल पॉलच्या ट्रॅक्टरने मागोमाग यायचा. पॉल खाडीपलीकडच्या वाडीतला, धोंडूबाईची नांगरणी तोच करायचा.

"लिव्हर काड," जयराम म्हणाला. "भरलेली गाडी हाय. रस्त्याला नको."

"काडू? आनि सगला भार माज्याच चाकांवर?"

"अरे, बांधावर टाक ना! तितं चिखल हाय."

"तितं पन टाकतंव आनि इतं पन टाकतंव. माजा आठवडा हाय."

धोंडूबाई ओटीवरून ओरडली, "चाका कोनाची पन जाऊ दे! पानी येतंय तितं!"

लिव्हर कोणी काढला नाही. निघायचाही नाही म्हणा, तोपर्यंत तो गंजलेल्या खिळ्यासारखा बसला होता. ते डोंगराकडे गेले, मी आणि धोंडूबाई शेतातल्या वाटेने बांधावर. खांडीपाशी बायका गोणींत चिखल भरत होत्या. खाडी फुगत होती, पण घाईने नाही.

जीप आली. डांबरी रस्ता संपतो तिथे बांधावर चढायला काटकोनात वळावं लागतं. एका बाजूला कातळाची भिंत, दुसऱ्या बाजूला खोल चिखल, मधे एका गाडीची वाट. काशीरामने वळण घेतलं. आतून पत्र्याच्या पिंपात दगड टाकल्यासारखा आवाज झाला आणि जीप त्या तोंडाशी तिरकी उभी राहिली. मागे पॉलचा ट्रॅक्टर, मुरूमाने भरलेला. त्याला जायला जागा नाही.

माणसं ढकलायला लागली. चाक तसूभर हलेना.

मी म्हणाले, "जॅक लावून एक चाक उचला. पीळ असेल तर सुटेल, मग ढकलता येईल."

जयरामने जॅक काढला आणि मागच्या चाकाजवळ बसला. काशीरामने त्याचा हात धरला.

"माजा का? तुजा उचल."

"जवल आला म्हनून!"

"माज्या चाकाला काय झाला तर? तुजे नवे हायत, ते उचल, त्यांना काय व्हनार?"

"तुज्यामुलंच बसली ना गाडी?"

"माज्यामुलं? टायर तू बदललेस!"

दोघं जॅकची एकेक बाजू धरून उभे. पन्नाशीला आलेले बाप्ये. खाडीचं पाणी खांडीच्या कडेला लागलं होतं, आणि मी ज्यांना गुणाकार-भागाकार शिकवले ते दोघे कोणतं चाक उचलायचं यावर वाद घालत होते. त्या घटकेला माझं शिक्षण कोणाच्याच कामाचं नव्हतं.

धोंडूबाई मात्र खांडीवरून चालत आली, लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं. मुलांकडे तिने बघितलंच नाही. ती ट्रॅक्टरपाशी गेली.

"पॉल, लोट."

"काय लोटू, मावशी?"

"ही जीप. लोट खाजनात."

"आये!" दोघं एकदम ओरडले. वाटणीनंतर त्यांचं एकमत झालेलं मी तेवढं एकदाच ऐकलं.

"दोगांची गाडी हाय मावशी," पॉल कचरला. "उद्या माज्यावर येतील."

"मी सांगतंय. माज्यावर येऊ दे."

पॉलने ट्रॅक्टरच्या तोंडाला लाकडाचा ओंडका बांधला आणि जीपच्या मागच्या कोपऱ्याला लावला. वाटेवरच्या चिखलात ते टकले टायर इतके झकास घसरले की त्यांच्या मालकाचा मला पहिल्यांदाच काही उपयोग दिसला. जीप तोंड खाली घालून खाजणात उतरली आणि काळ्या गाळात बसली. ट्रॅक्टर पुढे गेला.

पाणी आत शिरलं, खाडीकडच्या पट्ट्यातलं भात काळं पडलं. पण मुरूम वेळेवर पडला, गोणी बसल्या, आणि बाकीचं शेत वाचलं. भावांनीही गोणी टाकल्या, नाही म्हणत नाही. आई बघत होती.

कापणी झाली. धोंडूबाईने भाताचा मोठा वाटा पॉलला आणि चिखलात उभ्या राहिलेल्या बायकांना दिला, आणि शेत पुढच्या वर्षापासून पॉलला कसायला दिलं. मुलांना विचारलं नाही.

काशीराम लाल होऊन माझ्याकडे आला. "बाई, तुम्ही आयेला सांगा. घरचा भात भायेरच्याला!"

"तुला किती दिलं?"

"पायलीभर पन नाय!"

"आणि जयरामला?"

त्याने आठवून बघितलं. "त्याला पन नाय."

"मग?"

"मग ठीक हाय," काशीराम म्हणाला, आणि खरोखर शांत होऊन घरी जेवायला गेला.