चारच्या आत घरी

उमेळ्याची माझी मामी दुपारी चार वाजल्यानंतर कुणाच्याही घरी थांबत नसे. हळदीकुंकू असो, बारसं असो, अर्धा चहा तसाच ठेवून ती उठे. लोकांना तो तिचा तुटकपणा वाटे. विरारपुढच्या आमच्या गावात हायस्कूल नव्हतं, म्हणून सत्तरच्या दशकात चार वर्षं मी तिच्याकडे राहिले, तेव्हा मला कारण कळलं. मामाची कारखान्यातली पाळी साडेतीनला सुटायची. पुढे तो दारूच्या गुत्त्यावरून कोणत्या अवस्थेत येईल याचा नेम नसे. एकदा तसाच वाडीत गेला आणि विहिरीत पडला. शेजाऱ्यांनी काढला म्हणून वाचला. तेव्हापासून तो यायच्या आत मामी घरी असायचीच.

मामा वाईट नव्हता. त्याने कधी हात उगारला नाही. सकाळी मोगऱ्याच्या कळ्या खुडताना तो मला पाढे म्हणायला लावी आणि चुकले की हसे. "आजपासून नाही," असं तो मामीला सांगे, तेव्हा त्याला स्वतःलाही ते खरं वाटत असे. म्हणूनच ते ऐकवत नसे.

कोणी विचारलं की मामीचं एकच उत्तर असे, "त्यांना बरं नाही." कारखान्यातल्या माणसाला तेच, सख्ख्या दिरालाही तेच. माझं अक्षर चांगलं, म्हणून रजेचे अर्ज ती माझ्याकडून लिहून घ्यायची. एकदा मी म्हटलं, "मामी, मागच्या महिन्यात जुलाबच लिहिले होते."

"मग डोळे आलेत म्हणून लिही."

आम्ही दोघी हसलो. पण हळूहळू मलाही बाहेर बोलताना भीती वाटायला लागली. न जाणो, काय तोंडातून निघून जाईल. मैत्रिणींना घरी बोलावणं मी बंद केलं.

मामीच्या धाकट्या बहिणीचं लग्न पापडीला होतं. मुहूर्त संध्याकाळचा. तीन वाजताच मामी मला घेऊन निघाली. तिचे वडील मांडवाच्या दारापर्यंत मागे आले. "आजचा दिवस थांब, बाय."

"त्यांना बरं नाही, आबा."

टांगेवाल्याला ती सारखी घाई करत होती. घरी पोचलो, तर मामा ओट्यावर बसलेला. त्या दिवशी तो कामावरून लवकर सुटला होता. अंघोळ केलेली, अंगात इस्त्रीचा सदरा, मांडीवर मेव्हणीसाठी घेतलेलं पातळ.

"मी पापडीलाच निघालो होतो," तो म्हणाला.

मामी त्याच्याजवळ गेली आणि तिने त्याचं तोंड हुंगलं. वास नव्हता. तिचा विश्वास बसेना. माझ्यादेखत तिने पुन्हा हुंगलं. मामाने पातळ बाजूला ठेवलं, चपला घातल्या आणि तो गुत्त्याच्या वाटेला लागला. "अहो, चला ना, अजून मुहूर्त गाठू," मामी म्हणत राहिली. त्याने वळून पाहिलं नाही.

"मी तेव्हा हुंगलं नसतं तर..." हे पुढे कितीतरी वर्षं मी तिच्या तोंडून ऐकलं.

ऐंशीच्या दशकात मामा काविळीने इस्पितळात पडला. मी तेव्हा नोकरीला लागले होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मामीला समोर बसवून सांगितलं, "व्यसन हा आजारच आहे. तो तुमच्यामुळे जडला नाही, आणि तुम्ही एकटीने राखण करून सुटणाराही नव्हता."

मामी म्हणाली, "हे मला आधी कुणी सांगितलं नाही." आणि मग, "सांगणार कोण? मी कधी कुणाला कळूच दिलं नाही."

आठवड्याभरात मामा गेला. भेटायला कारखान्यातले दोघे आले. एकाने विचारलं, "काविळीने गेले ना, वहिनी?" मी सवयीने हो म्हणणार होते. मामीने माझ्या हातावर हात ठेवला.

"दारूने गेले," ती म्हणाली. "माणूस चांगला होता. दारूने गेला."

दुसरा मामाबरोबर गुत्त्यावर बसणारा; त्याने मान खाली घातली. थोड्या वेळाने त्याचे खांदे हलताना दिसले. मामी उठून त्याच्यासमोर जाऊन बसली आणि तिने हळूच विचारलं, "भाऊ, तुमच्या घरी कोण कोण आहे?"