नमुना नंबर एक

सप्टेंबर महिन्यात आमची सफरमैना कंपनी नगरच्या छावणीतून निघाली आणि अकोले तालुक्यात प्रवरेच्या काठी तंबू टाकून बसली. लढाई सुरू होऊन चार वर्षं झाली होती. सफरमैना म्हणजे पूल बांधणारे, रस्ते काढणारे, सुरुंग पेरणारे शिपाई. पुढे ब्रह्मदेशाच्या जंगलात जायचं होतं, म्हणून अगोदर इथल्या डोंगरात सहा आठवडे ट्रेनिंग. मी नाईक होतो. दंडावर दोन फिती, हाताखाली दहा जवानांचं सेक्शन. माझं गाव मिरजगाव. तिकडे सावलीला झाड शोधावं लागतं, आणि मी जवानांना जंगलात राहायला शिकवणार होतो. पण आधी स्वतः शिकलो, मग शिकवलं.

सकाळी साडेपाचला फॉल-इन. सातपर्यंत पी.टी. आणि चहा. नंतर दिवसभर बांबू तोडणे, दोर वळणे, तराफे बांधणे, ओल्या लाकडावर चूल पेटवणे. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना एक गोष्ट कळली. जंगलात बंदूक एखाद्या दिवशी लागतही नाही, सुरी मात्र वीस वेळा लागते.

तोपर्यंत सरकारी सुरी मिळालेली नव्हती. जवानांनी घरून आणलेल्या होत्या. सर्वांत चांगली होती सॅपर, म्हणजे सफरमैनेतला साधा शिपाई, दाविद पारधे याची. हा पुणतांब्याचा. वडील तिथे ख्रिस्ती शाळेत मास्तर. गोदावरीच्या डोहात लहानाचा मोठा झालेला, कंपनीत त्याच्यासारखा पोहणारा दुसरा नव्हता. त्याच्या गावच्या लोहाराने लॉरीच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्यापासून त्याला सुरी करून दिली होती. वीतभर काळं पातं, बाभळीची मूठ. दिसायला काही नाही. पण एकदा धार लावली की आठवडाभर बघायला नको.

दहा तारखेला मेजरसाहेबांनी मला तंबूत बोलावलं. टेबलावर तीन नवीन सुऱ्या होत्या.

"नाईक, यातली एक कंपनीसाठी घ्यायची आहे. तीन दिवस वापरून बघ. रिपोर्ट दे."

"जी साब."

काम मला आवडलं. मी दाविदला आणि कंपनीचा लोहार किसन याला बरोबर घेतलं. किसन श्रीगोंद्याकडचा. बोलायचा थोडं, पण लोखंड हातात घेतलं की त्याला सगळं कळायचं.

नमुना नंबर एक दिमाखदार होता. नऊ इंचांचं पातं, वर निकेलचा मुलामा, पाठीला करवतीसारखे दाते, बोटं धारेवर घसरू नयेत म्हणून पितळी आडणी, चामड्याच्या चकत्यांची मूठ. नंबर दोन पातळ, भाजी चिरायची वाटावी अशी. नंबर तीन काळी, पाच इंचांची, एकाच बाजूला धार. तिचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत सलग गेलेलं होतं, दोन्ही अंगांनी लाकडाच्या फळ्या, तीन जाड रिबिटा मारलेल्या.

तीन दिवस आम्ही त्या सुऱ्यांची परीक्षा घेतली. लाकडाच्या ओंडक्यावर पातं ठेवून वरून मोगरीने ठोकलं आणि लाकूड फाडलं. ओल्या फांदीची साल काढून आतल्या सुक्या लाकडाच्या ढलप्या पाडल्या, कारण पावसात जाळ त्याच्यावरच धरतो. भिजलेला दोरखंड कापला. रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी गंज पाहिला. अर्धा तास सलग बांबू तासून तळहाताला फोड येतात का तेही पाहिलं.

नंबर दोन पहिल्या दिवशी वाकली. नंबर एक लांबीमुळे बारीक कामाला अडचणीची. दात्यांनी लाकूड कापलं जायचं नाही, पातं नुसतं अडकायचं. आणि पाठीवर दाते असल्यावर ठोकायचं कुठे? दुसऱ्या दिवशी तिची मूठ खुळखुळायला लागली. किसनने ती कानाशी धरून हलवली.

"नाईक, ही आतून पोकळ हाय. पोलाद फुडं गेलेलंच न्हाई."

"खात्री आहे?"

"मूठ फोडू का? मग डोळ्यानंच बगा."

मी हो म्हणालो. त्याने चामडं कापून काढलं. नऊ इंचांच्या त्या पात्याचा मुठीत शिरलेला भाग जेमतेम दीड इंच होता, जाडीला दाभणाएवढा, आणि तोही नंतर डाग देऊन जोडलेला. दाविद हसला. "नाईक, हिच्यापेक्षा माझ्या आईची विळी बरी."

मी रिपोर्ट लिहिला. इंग्रजी दाविदने नीट करून दिलं. नमुना नंबर तीन घ्यावा. नमुना नंबर एक घेऊ नये, जोर लावल्यास पातं मुठीपाशी तुटेल. खाली माझी सही, तारीख. फोडलेली मूठ रिपोर्टाबरोबर बांधून, कंपनीचं सामानसुमान बघणाऱ्या क्वार्टरमास्टर कॅप्टनच्या ऑफिसात दिली. कारकुनाने रिपोर्ट माझ्यासमोर फायलीत लावला.

पंचवीस तारखेला लॉरीतून खोकी आली. उघडली. नमुना नंबर एक.

मी सरळ क्वार्टरमास्टरकडे गेलो. सॅल्यूट केला आणि विचारलं. तो कागदावरून मान वर न करता म्हणाला, "ब्रिगेडिअरसाहेबांच्या इन्स्पेक्शनला जवान स्मार्ट दिसले पाहिजेत. ही पट्ट्यावर चांगली दिसते."

"साब, ती तुटते."

"तुला कापायला दिली आहे, तोडायला नाही. डिसमिस."

हे शब्द मी जसेच्या तसे लिहिले आहेत. इतकी वर्षं झाली, पण ते आठवले की आजही माझी कानशिलं तापतात. पट्ट्यावर चांगली दिसते! ज्या माणसाने आयुष्यात ओला बांबू तासला नव्हता, त्याने शंभरावर जवानांच्या कमरेला काय असावं ते तंबूत बसून ठरवलं.

दुसरा हुकूम त्याच संध्याकाळी आला. खासगी सुऱ्या जमा करा, सर्वांची एकसारखी दिसली पाहिजे. माझ्या सेक्शनच्या सुऱ्या मीच गोळा केल्या. दाविदने आपली पुढे केली, पण लगेच सोडली नाही.

"नाईक, हिला ठेवू द्या ना. पिशवीत तळाशी ठेवतो. कोण बघतंय?"

"हुकूम आहे."

"तुम्ही स्वतःच लिहिलंय ना, ती तुटते म्हणून?"

"दाविद. हुकूम आहे."

त्याने दिली. मी ती गोणीत टाकली. क्वार्टरमास्टरवर मी चिडतो तेव्हा हेही सांगायला हवं, की दाविदच्या हातून ती सुरी क्वार्टरमास्टरने घेतली नाही. मी घेतली.

इन्स्पेक्शन झालं. ब्रिगेडिअरसाहेब खूश झाले.

त्यानंतर चौथ्या दिवशी नदी ओलांडायचा सराव होता. दोन्ही काठांना जाड दोर ताणलेला, त्याला धरून बांबूचा आणि रिकाम्या पिपांचा तराफा ओढत न्यायचा. तराफ्यावर सहा जवान, त्यांत दाविद. मी अलीकडच्या काठावर, फील्ड टेलिफोनपाशी. नदीच्या वरच्या अंगाला दोन मैलांवर आमची चौकी होती. कुऱ्हाडी आणि बाकीचं सामान पहिल्याच फेरीत पलीकडे गेलं होतं.

नऊ चाळीसला टेलिफोन वाजला.

"हॅलो. वरच्या चौकीवरून. डोंगरात पाऊस झालाय. पाणी चढतंय."

"किती?"

"तीन फूट. जोरात येतंय. तराफा सोडू नका."

तराफा नदीच्या मध्यावर होता. मी शिट्टी मारली, माघारी फिरा अशी खूण केली. त्यांनी ओढायला सुरुवात केली, तोवर पाणी आलंच. तराफा एका अंगाला कलला. चार जण ताणलेल्या दोराला लटकले आणि हात मारत काठाकडे सरकले. पाचवा पोहत सुटला. दाविद पाण्यात पडला, पण तराफ्यापासून दूर होईना. तराफ्याला बांधलेल्या ओढायच्या दोराचा फास त्याच्या घोट्याला बसला होता. पाण्याच्या जोराने तराफा दोर ताणत होता, आणि दोर त्याला खाली.

तो घाबरला नव्हता. एका हाताने बांबू धरून त्याने तोंड पाण्यावर ठेवलं, दुसऱ्या हाताने सुरी काढली आणि खाली वाकून दोर कापायला लागला. मी पाण्यात उडी घेतली. मध्ये पंचवीस-तीस यार्ड अंतर. मी पोहत असताना त्याचा आवाज आला.

"नाईक! मूठच राहिली!"

मी पोचलो. त्याचा हात वर होता, त्यात चामड्याची मूठ, पुढे काही नाही. पातं नदीत गेलं होतं.

"दुसरी द्या. लवकर."

माझ्या कमरेलाही तीच होती. मी डुबकी मारून दोर धरला. अंगठ्यापेक्षा जाड, फुगलेला दोर. तीन पेडांचा. त्या मुलाम्याच्या धारेने पहिला पेड तुटायला फार वेळ लागला. श्वास घ्यायला वर आलो तेव्हा पाणी त्याच्या हनुवटीला होतं. "कापतोय," मी म्हणालो. त्याने मान हलवली. दुसरा पेड निम्मा झाला आणि माझी मूठ फिरायला लागली. मी मूठ सोडली आणि पातं उघड्या हातात धरून घासत राहिलो. तेव्हाचा व्रण माझ्या उजव्या तळव्यावर आडवा आहे. पुन्हा वर आलो तेव्हा दाविदचं तोंड दिसत नव्हतं, फक्त हात दिसत होता.

दोर तुटला. किसन आणि आणखी दोघे पोहत आले होते. आम्ही त्याला काठावर आणला. घड्याळात नऊ पंचावन्न झाले होते. मेडिकल ऑर्डर्लीने आणि मी आळीपाळीने त्याच्या पाठीवर दाब देऊन श्वास आणायचा प्रयत्न केला. दहा पस्तीसला डॉक्टरसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि थांब म्हणाले. मी थांबलो नाही. मग सुभेदारसाहेबांनी मला ओढून बाजूला केलं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी तीन दिवसांनी बसली. तीन साहेब, एक टेबल, पाणी प्यायला काचेचे पेले. मी सगळं सांगितलं. मग म्हणालो, "साब, माझा रिपोर्ट फायलीत आहे. तो बघावा."

क्वार्टरमास्टर म्हणाला, "असा रिपोर्ट फायलीत नाही."

मी किसनला बोलावण्याची विनंती केली. किसन आला, ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "मूठ मी सोता फोडली साब. आत दाभनाएवढं पोलाद हुतं."

टेबलामागच्या साहेबांनी त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे सरकारी नमुना तू फोडायला लावलास? कोणाच्या हुकुमाने?"

क्षणभर मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. एक जवान मेला होता. त्याच्या हातातून तुटक्या सुरीची मूठ डॉक्टरने बोटं उघडून काढली होती आणि ती त्याच टेबलावर पडलेली होती, तुटलेलं टोक वर करून. आणि हे विचारत होते, नमुना कोणाच्या हुकुमाने फोडला!

निकाल असा: सॅपर पारधेने सुरीचा गैरवापर केला, पातं दोरात अडकवून पिळलं, त्याच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवला. खाली साक्षीदार म्हणून मी सही करायची होती.

"मी करणार नाही, साब."

"हा हुकूम आहे."

"एक हुकूम मानला, साब. हा नाही मानणार."

सरकारी मालाचं नुकसान आणि हुकूमभंग. माझ्या दोन्ही फिती गेल्या. किसनने फोडलेली ती नमुन्याची सुरी कोर्टासमोर आलीच नाही, पुन्हा कधी दिसलीही नाही. क्वार्टरमास्टर पुढे मेजर झाला असं ऐकलं. आम्ही ब्रह्मदेशात गेलो तेव्हा मी साधा सॅपर होतो. तिथे जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यावर पुष्कळांनी लिहिलंय. दाविदवर कोणी लिहिणार नाही, म्हणून मी हे लिहितो आहे.

लढाई संपली, मला सोडलं. घरी चार दिवस राहिलो आणि पुणतांब्याला गेलो. मास्तर शाळेतच होते. पोरांना पाढे म्हणायला बसवून बाहेर आले. मी नाव सांगितलं. त्यांनी मला घरी नेलं, पाणी दिलं. मग पेटीतून सरकारी पत्र काढून माझ्यासमोर ठेवलं. इंग्रजी त्यांना चांगलं येत होतं. त्यातल्या एका शब्दावर त्यांनी बोट ठेवलं.

"नाईकसाहेब, तुम्ही तिथं होता. माझा मुलगा निष्काळजी होता का?"

"नाही, मास्तर."

"त्याची आई तीन वर्षं हेच विचारते. काय केलं असेल त्यानं म्हणून."

त्या माउली दाराशी उभ्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. सुरी मीच काढून घेतली हेही सांगितलं. ते सांगताना मान वर करता आली नाही. मग आईने एवढंच विचारलं, "शेवटाला तुम्ही जवळ हुता ना?"

"होतो."

"मग बरं झालं. एकटा नव्हता."

मास्तरांनी दौत, टाक आणि कोरा कागद आणला. "हे लिहून द्या. सगळं. मराठीत लिहा, गावाला कळलं पाहिजे."

मी लिहिलं. खाली सही केली. रविवारी उपासना संपल्यावर मास्तरांनी तो कागद ख्रिस्ती देवळात उभं राहून वाचला. वर्गात धडा वाचावा तसा, न थांबता, वेळांसकट. मी मागच्या बाकावर होतो. वाचून झाल्यावर म्हातारे शेतकरी, बायका, त्याच्याबरोबर नदीत डुंबलेले सोबती, सगळे उठून उभे राहिले. कोणी सांगितलं नव्हतं.

आमच्या कंपनीतल्या शहिदांच्या यादीत त्याचं नाव नाही. लढाईत मेला नाही, सरावात मेला, असं कारण देतात. मी दोनदा अर्ज केला, दोनदा हेच उत्तर आलं. म्हणून यादीत असतं तसं त्याचं नाव मी इथे लिहितो.

सॅपर दाविद याकोब पारधे. राहणार पुणतांबा. वय बावीस. प्रवरा नदीत, कामावर असताना.