डावीकडे ओढणारी गाडी

ग्रुपवर गेले काही दिवस तुमचे फोटो पाहतोय. कुणी आजोबांच्या मोटारीला नवं इंजिन बसवलंय, कुणी भंगारातली जीप अशी उभी केलीय की नवरदेवानं तिच्यातून वरात काढावी. पोरांनो, मान गए! हात आहेत तुमचे. कालच एकानं विचारलं होतं — कुणाला आपल्या गाडीचा काही विचित्र अनुभव आलाय का? त्यावर बरीच थट्टा झाली. मीही हसलो. मग रात्रभर काही झोप लागेना, म्हणून लिहितोय.

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आमचं घर धम्म घेतलेलं. वडिलांनी नागपूरहून येऊन पहिलं काम काय केलं, तर घरातले गंडे-ताईत चुलीत घातले. त्यात माझी उभी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात गेली. ड्रायव्हर सांगायचे — उत्तमभाऊ, त्या वळणावर गाडी आपोआप बंद पडते. मी म्हणायचो, डिझेलचा फिल्टर साफ कर, भूत आपोआप उतरतं. यंत्र ओढतं, तापतं, आवाज करतं, त्याला कारण असतं. ते सापडलं नाही तर दोष शोधणाऱ्याचा. हे मी आजही मानतो... एवढी एक गोष्ट सोडून.

गोष्ट मेडशीची, सत्तरच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली. अकोल्याहून पातूरचा घाट चढून वाशीमकडे निघालं की लागतं ते मेडशी. वाशीम जिल्हा तेव्हा झाला नव्हता, आम्ही अकोला जिल्ह्यातलेच. तिथं माझा शाळासोबती वामन राहायचा. घरची शेती — कपाशी, ज्वारी, थोडी तूर. पण जीव सगळा मोटारीत. शेती बायकोच्या भरवशावर आणि गाडी दोस्तांच्या भरवशावर, असा त्याचा कारभार.

आणि काय गाडी बनवली होती हो त्यानं! दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची अमेरिकन मोटार, एका जहागीरदाराच्या पडक्या तबेल्यात उभी होती. आम्ही आणायला गेलो तेव्हा मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली, ती उठायला तयार नाही. समोरचा बिल्ला कधीच कुणी काढून नेलेला, त्यामुळे गाडी कोणत्या कंपनीची यावर आमच्यात जी भांडणं व्हायची ती शेवटपर्यंत मिटली नाहीत. वामननं तिची मागची बाजू कापून तिथं सागवानी फळ्यांचा हौदा बसवला. फळ्या जुन्या बैलबंडीच्या, वर्षानुवर्षं तेल पिऊन काळ्या झालेल्या. इंजिन आणि गिअरबॉक्स लष्कराच्या लिलावातल्या जीपचे. ते त्या लांब नाकाच्या बॉनेटमध्ये बसवायला वाशीमचे रहीमभाई वेल्डर महिनाभर रविवारचे येत होते. रहीमभाईंचा टाका असा, की जोड कुठे आहे ते बोटानं शोधावं लागे. मडगार्ड गोल, भरलेले, आणि रंग मोरपंखी. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवणाऱ्या पेंटरनं बंपरला हिंगूळ लावून दिला होता.

पुढचा एक्सल आणि स्टिअरिंग माझ्याकडे होतं. फुशारकी मारत नाही, पण ती गाडी सपाट रस्त्यावर मी दोन्ही हात सोडून चालवून दाखवायचो. रुळावर ठेवल्यासारखी जायची. अकोल्याचे, रिसोडचे, पार मानोऱ्याचे शौकीन लोक बघायला यायचे, खाली वाकायचे, चहा प्यायचे, पुन्हा वाकायचे. एक जण तर म्हणाला, "गाडी नोय भाऊ हे, पोरगी हाय. लगन करून द्या." वामनची छाती अशी फुगायची की शर्टाच्या बटणांची काळजी वाटावी.

घरात मात्र वेगळंच चाललं होतं. वामनकडे बैलजोडी होती, चंद्या आणि वकील. चंद्याच्या कपाळावर चांद. आणि वकील म्हणजे कोणतंही काम सांगा, आधी हरकत घेणार, मग करणार, म्हणून ते नाव. दोघंही गोऱ्हे होते तेव्हापासून कौसावहिनीनं, म्हणजे वामनच्या बायकोनं, हातानं वाढवलेले. औताला चंद्या कायम डावीकडे, वकील उजवीकडे. गोठ्यात बांधायचे तेही तसेच. त्या उन्हाळ्याच्या शेवटी वकिलाला पान लागलं — म्हणजे साप चावला — आणि तो गेला.

चंद्यानं तेव्हापासून खाणं टाकलं. वहिनी कुटार पुढे करायची, ढेप कालवायची, तो तोंड फिरवायचा. दुसऱ्याचा बैल आणून जू ठेवून पाहिलं तर खाली बसला. पावसाळा अर्धा झाला तोवर त्याच्या बरगड्या दुरून दिसायला लागल्या. वामन यंत्रातला माणूस, त्याचा हिशेब सरळ. केनवडच्या बाजारातला एक व्यापारी येऊन बैल पाहून गेला. असा बैल कोण घेतो आणि कशाला घेतो, हे वहिनीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"पोळा झाला का इकतो," वामन म्हणाला. "डोयासमोर मरू देऊ काय त्याले?"

"मरन तं माह्या दारात मरन," वहिनी म्हणाली. "कसायाच्या दारात नाई."

त्यात भर म्हणजे नवा रंग पावसानं खराब होऊ नये म्हणून वामननं गाडी गोठ्यात नेऊन लावली. वकिलाच्या जागेवर. वहिनी त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. तूप-हळद कोमट करून खांद्याला चोळायची आणि बैलाला आवतण द्यायचं. वहिनी चंद्याजवळ बसली होती. वामन, रहीमभाई आणि मी गाडीच्या पुढ्यात, दुसऱ्या दिवशी गाडी तोरणाखाली, जिथं गावचे सगळे बैल जमतात तिथं, न्यायची का यावर वाद घालत. वहिनीनं चंद्याचा खांदा चोळला आणि म्हणाली, "चंद्या, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग इतक्या वर्षांच्या सवयीनं तिचा हात उजवीकडे वळला. तिथं मडगार्ड होता. ती त्यालाच तूप-हळद चोळायला लागली... सावकाश, जसा खांदा चोळतात तशी.

"वकील, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

वामननं रंगाकडे पाहिलं, बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात रहीमभाईंनी त्याच्या मांडीवर हात ठेवला. वहिनीच्या लक्षात आलं तेव्हा तिनं हात मागे घेतला नाही. "निंघून गेलं तोंडातून," एवढंच म्हणाली आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वामननं गाडी बाहेर काढली. पन्नास पावलं गेली नसेल, थांबला आणि ओरडला, "उत्तम! डावीकडे वढून राह्यली बे!"

मला राग आला. माझं काम होतं ते! आदल्या दिवशी मीच ती हात सोडून चालवली होती. स्वतः बसलो. खरंच... स्टिअरिंग जरा सैल सोडलं की गाडी डावीकडे. झटका नाही, खरखर नाही. कुणी ओळखीचं दिसल्यावर आपली पावलं वळतात तशी वळायची. आता तुम्ही म्हणाल, रस्त्याला डावीकडे उतार असतो. मीही तेच म्हणालो. रस्त्याच्या उजव्या अंगानं चालवली — डावीकडे. शाळेच्या सपाट मैदानात नेली — डावीकडे. हवा तपासली, चाकं अदलाबदल केली, ब्रेकचे ड्रम हाताला गरम लागतात का पाहिलं, स्प्रिंगचे पाटे मोजले, दोरी धरून चाकांची रांग पाहिली. काही नाही. रहीमभाई चिखलात पाठीवर झोपून सगळे टाके पाहून आले.

"सब बराबर हाय," ते म्हणाले. "मले तं काई समजून नाई राह्यलं."

तोवर वाजंत्री सुरू झाली. वहिनी चंद्याला घेऊन निघाली होती. त्याला झूल घातलेली, पण ती बरगड्यांवरून घसरत होती. गावात कुणी थट्टा करू नये म्हणून ती खाली बघून चालत होती. मला ते बघवेना. आमची गाडी अंगणाबाहेर इंजिन चालू ठेवून उभी. चंद्या जवळ आला आणि थांबला. मान वर केली. मग वहिनीच्या हातातली दोरी ओढत तो गाडीच्या पुढून फिरून डाव्या बाजूला आला आणि मडगार्डशी, हातभर अंतर ठेवून, उभा राहिला. जू खांद्यावर यायची वाट बघत उभा राहतो तसा.

"चालव," वहिनी म्हणाली.

वामननं पहिल्या गिअरमध्ये गाडी सोडली. चंद्या बरोबर चालायला लागला. मी वामनच्या शेजारी बसलो होतो, माझी नजर स्टिअरिंगवर. वामननं माझ्याकडे पाहिलं आणि हात उचलले. गाडी सरळ चालली होती. गल्ली संपेपर्यंत, देवळासमोरच्या मोकळ्या जागेपर्यंत... केसभर इकडे नाही की तिकडे नाही.

हळू चालवल्यावर ओढ जाणवत नाही, हेही तुमच्या मनात येईल. नंतर मी तेही पाहिलं. तोच गिअर, तोच रस्ता, फक्त बैल नाही. गेली डावीकडे.

तोरणाखाली लोकांनी आधी हसायला सुरुवात केली होती. मग बैल आणि गाडी एका रांगेत येताना पाहून सगळे बाजूला झाले. कुणीतरी आनंदानं झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, म्हटली, म्हाताऱ्या माणसांनी चंद्याच्या पाठीवर हात फिरवला, आणि पोरांनी गाडीच्या बॉनेटला झेंडूची माळ घातली. असा देखणा पोळा मेडशीत मी पुन्हा पाहिला नाही. संध्याकाळी वहिनीनं दोन ताटं वाढली, एक चंद्यापुढे, एक गाडीच्या चाकाशी. चंद्यानं तिच्या हातातून पुरणपोळी खाल्ली. एक खाल्ली, दुसरी मागितली. वहिनी तिथंच शेणात बसून रडली आणि तिच्याबरोबर, लाज कसली, मीही.

केनवडचा व्यापारी आला तेव्हा वामन त्याला म्हणाला, "बैल नाई इकत. जोडी लागून गेली त्याची."

नंतरची वर्षं ती गाडी गोठ्यातच, त्याच जागी राहिली. शौकीन यायचे, इंजिनाची तारीफ करायचे, फळ्यांवरून हात फिरवायचे आणि शेवटी प्रत्येक जण तोच दोष काढायचा — सगळं फर्स्ट क्लास, पण डावीकडे ओढते. मोठमोठे मिस्तरी हात लावून गेले. मी एक्सल किती वेळा उघडला ते आता आठवत नाही. पुढे पुढे वामन हसून म्हणायचा, "राहू द्या. तिची मर्जी." चंद्या पुन्हा भरला, पण जू त्यानं नंतर घेतलं नाही. वामन शेतात निघाला की तो गाडीच्या डाव्या अंगानं चालत जायचा. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गाडी उभी असली की तिच्या सावलीत रवंथ करत बसायचा.

एका थंडीत चंद्या म्हातारपणानं गेला, झोपेतच. मला सुट्टी होती, निरोप आला तसा गेलो. पुरताना घालायला मीठ हवं होतं, म्हणून वामन आणि मी गाडी घेऊन आमच्या वाशीमकडच्या मालेगावला निघालो. गावाबाहेर आल्यावर त्यानं अचानक ब्रेक मारला.

"काय झालं बे?"

"उत्तम," तो म्हणाला, "सरय चालून राह्यली रे."

मी उतरलो, त्याला बाजूला सरकवलं, स्वतः चालवून पाहिली. मैलभर नेली. कुठंच ओढ नाही. इतकी वर्षं ज्याच्यासाठी मी झटलो ते आपोआप झालं होतं... आणि वामन शेजारी बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होता. त्याला मी त्याच्या बापाच्या मयतीतही रडताना पाहिलं नव्हतं.

परत आल्यावर त्यानं वहिनीला सांगितलं. ती खड्ड्याशी बसली होती. तिला जराही नवल वाटलं नाही. "मंग दोघंई बरोबर गेले," एवढं म्हणाली आणि मिठाच्या पोत्याचं तोंड सोडायला लागली.

त्यानंतरही मी एक्सल उघडला. एक वायसरसुद्धा बदललेला नव्हता. ग्रुपवर अलाइनमेंटचे जाणकार आहेत, त्यांना काही सुचलं तर जरूर सांगा. माझ्याकडे आजही याचं कारण नाही. फक्त हवा तपासली होती का, असं विचारू नका. तपासली होती.

वामननं ती गाडी पुढे फारशी काढली नाही. रहीमभाई एकदा त्याला रागावले. म्हणाले, इतकी सुंदर चीज, आता तर दोषही गेला, उभी काहून ठेवली? वामननं मडगार्डवर हात ठेवला.

"चालते सरय, चाचा," तो म्हणाला. "पन मन नाई लागत तिचं."