लाल लेप आणि वन्संचा टॉवेल

आमच्या वन्सं, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, तोंडानं तिखट. पण कुणाच्या गायीला दगडी झाली, कास तापून टणक झाली, की सगळ्यांना त्याच आठवायच्या. कोरफड, हळद आणि थोडासा चुना वाटून त्या लालभडक लेप करत. लेपाआधी सड पूर्ण पिळून रिकामा करायचा, यावर मात्र अडून बसत. आत घाण ठेवून वरून रंग कशाला फासता, म्हणून भल्याभल्यांना झापत.

माझं त्यांचं कधी पटलं नाही, हे आधीच सांगते. मी फटकळ, त्या सवाई फटकळ. आमची जुंपली की नवरा चप्पल घालून बाहेर सटकायचा.

माझी तांबू गाय पहिलारू, नुकतीच पहिल्यांदा व्यालेली. तिची आई वितानाच गेली, म्हणून तिला मी बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. त्या सकाळी धारेला बसले तर तिनं लाथ झाडली. मागच्या एका सडाला हळदीचा पुसट लालसर डाग दिसला. आदल्या संध्याकाळी मी बाहेर अडकले होते, धार वन्संनी काढली होती; लागला असेल हाताचा, म्हणून सोडून दिलं. पण त्याच सडातून पाणी आलं, आणि पाण्यात गाठी. मी वन्संना हाक मारली.

वन्सं धावत आल्या. सड पिळायचा, कास धुवायची, लेप लावायचा, थोड्या वेळानं पुन्हा तेच. एरवी दुपारपर्यंत कास मऊ पडायला लागते. तांबूची आणखी टणक झाली. दुपारी तिनं वैरणीला तोंड लावलं नाही, कान गार पडले. शेजारपाजारच्या बायका गोठ्याच्या दारात जमल्या. मी तिची मान धरून बसले होते, आणि ही आता जाते की काय, एवढंच डोक्यात फिरत होतं.

वन्संनी हात पुसायला खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि तशाच थांबल्या. टॉवेलभर वाळलेले लाल डाग होते. गोठ्यातला सगळ्यांना पाठ असलेला नियम त्यांचाच: आजारी गायीची धार सगळ्यात शेवटी, आणि तिथून उठून दुसऱ्या गायीला हात लावायचा नाही.

"वहिनी, काल मी त्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या आजारी गायीला लेप लावून तशीच इकडे धारेला आले," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. "तांबूची कास याच टॉवेलानं पुसली. हे दुखणं मीच आणलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडाला येईल ते बोलले, ते इथं सांगण्यासारखं नाही. त्यांनी तो टॉवेल गोठ्याबाहेर भिरकावला.

"नंतर हवं तेवढं बोल. आधी डॉक्टरांना फोन लाव. हे लेपानं आवरणारं नाही."

डॉक्टरांना बोलवा, हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. डॉक्टर आले, इंजेक्शनं झाली, सलाईन लागली. सड पिळत राहा, म्हणाले. वन्सं पिळतच होत्या, बोटं सुजली तरी. अंधार पडता पडता तांबूनं माझ्या हातातली वैरण ओढली, आणि मी तिच्या गळ्यात पडून रडले.

गाय वाचली. तो सड मात्र कायमचा आटला.

हल्ली तांबूची धार वन्संच काढतात. तीन सड झाले की चौथ्यावर हात ठेवतात आणि विचारतात, "रागावलीस अजून?"

मी हो म्हणते, आणि तांबूचा धुतलेला टॉवेल त्यांच्यापुढे करते.