गरीब खातं

“उठा जरा. तुमच्या खुर्चीतनं बघू द्या.”

अण्णांचं काम या वाक्यानं सुरू व्हायचं. समोर साधा कारकून असो की साहेब, अण्णा त्याला उठवायचे, त्याच्या जागी टेकायचे, चष्मा कपाळावर सारायचे आणि स्क्रीनच्या इतके जवळ जायचे की वाटावं, वास घेतायत. तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल बघा. हुद्दा काही नाही, पण अडलं की सगळे त्याच्याकडे धावतात. आणि ज्याचा तो हुद्दा असतो तो कोपऱ्यात जळत बसलेला असतो. आमच्याकडे ती जळणारी मी.

आमचा कारखाना साताऱ्यात. द्राक्षबागेत औषध फवारायची यंत्रं, म्हणजे ब्लोअर, आम्ही बनवतो. गिऱ्हाईक बहुतेक सांगलीकडचं, म्हणून तक्रारींचं ऑफिस सांगलीला. दोन्हीकडची कामं एकाच सॉफ्टवेअरवर नोंदवली जातात. प्रत्येक विभागाचा वेगळा प्रोजेक्ट, प्रत्येक कामाचं एक कार्ड. सांगलीला तक्रार आली की तिचं कार्ड करायचं आणि ते साताऱ्याच्या क्वालिटीच्या कार्डाला जोडायचं. जोडलं की क्वालिटीवाल्यांना कळतं, नाही जोडलं तर कळत नाही. कुणाला काय दिसावं आणि कुणी काय जोडावं, हे ठरवणं माझं काम. माझ्याकडे इंजिनिअरिंगची पदवी, पुण्यातल्या नोकरीचा अनुभव, आणि या सॉफ्टवेअरच्या कोर्सचं सर्टिफिकेट फ्रेम करून टेबलामागच्या भिंतीवर.

अण्णा म्हसवडचे. उभा जन्म डिस्पॅचला चलनं लिहिण्यात गेलेला. चलनं कॉम्प्युटरवर गेली तेव्हा त्यांना कुठे बसवायचं हे न कळून आमच्या खोलीत बसवलं. दोन बोटांनी टाइप करायचे.

एकदा क्वालिटीच्या साहेबांना सांगलीची कार्डं दिसेनात. मी माझ्या खात्यातून दोनदा तपासलं, सगळं ठीक. “सर, तुमचं इंटरनेट बघा,” म्हटलं. त्यांनी इंटरनेटवाला बोलावला. सबंध दुपार गेली. मग अण्णा उठले, साहेबांच्या खुर्चीत बसले आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातलं नाव वाचून मला हाक मारली.

“ताई, परवानगी तुमी दिलीया, पर दुसऱ्याच सायबाला.”

साहेबांची दोन खाती होती. एक ऑफिसच्या मेलवर, एक घरच्या. परवानग्या मी पहिल्याला दिलेल्या आणि साहेब रोज दुसऱ्यानं आत येत होते. सगळे हसले. मीही हसले. डबा मात्र तसाच घरी नेला.

तुम्ही कधी हे सॉफ्टवेअर वापरलं असेल तर तो निरोप तुम्हाला ठाऊक असेल: ‘हे कार्ड अस्तित्वात नाही किंवा ते पाहण्याची परवानगी तुम्हाला नाही.’ अण्णांना त्याचा भारी राग. “दोन्हीतलं कंचं ते येकदा सांग म्हनावं. हाय, का न्हाई?” असं ते स्क्रीनलाच विचारायचे.

मग एक दिवस माझ्या टेबलापाशी आले.

“ताई, मला येक गरीब खातं द्या.”

“म्हणजे?”

“ज्याला कायबी दिसत न्हाई असं. तुमी मालक हाय. तुमच्या खात्यानं समदी दारं उघडत्यात. मग कुलूप कुठलं लागलंय ते तुमाला कसं कळायचं?”

मला हे सुचायला हवं होतं. कोर्समध्ये शिकवलंही असेल. तोंड वाकडं करून मी त्यांना एक रिकामं खातं उघडून दिलं. पुढे ते ऑफिसभर ‘अण्णांचं गरीब खातं’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. “ताई, आज त्याला सांगलीकर करा,” “आज त्याला स्टोअरमंदी घाला,” असं सांगून ते त्या खात्यातून आत शिरायचे आणि लोकांना काय दिसतं, काय नाही, ते पाठकोऱ्या चलनांवर लिहून काढायचे. कुणाचं काही अडलं की लोक आता माझ्या टेबलावरून पुढे जायचे. महाबळेश्वरला कुणी फिरायला गेलं की स्ट्रॉबेरीचा पहिला बॉक्स अण्णांना. मला “मॅडम, घ्या ना” म्हणत उरलेल्यातल्या दोन. त्यासुद्धा आंबट.

पावसाळा सरता सरता मी सॉफ्टवेअरची साफसफाई काढली. न वापरली जाणारी खाती बंद केली. त्यात गरीब खातंही बंद केलं. ते रोज वापरात होतं हे मला माहीत होतं. मी ते जाणूनबुजून बंद केलं.

अण्णा आले. “ताई, माझं गरीब गेलं वाटतं?”

“नियमात बसत नव्हतं, अण्णा.”

“बरं,” म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

त्याच साफसफाईत मी क्वालिटीच्या प्रोजेक्टची यादी नव्यानं लावली. कोणकोणत्या गटांना तो दिसावा, याची यादी. त्यात सांगलीचा गट टाकायचा राहून गेला. हे मुद्दाम नव्हतं. पण आता गरीब खातं नव्हतं, त्यामुळे चूक कुणाच्या नजरेला यायचीही सोय उरली नव्हती.

सांगलीच्या ऑफिसात तक्रारी नोंदवायला शबाना होती. मिरजेची मुलगी, कंत्राटावर घेतलेली, दिवाळीनंतर कायम होणार होती. तिनं मला लिहिलं, “मॅडम, क्वालिटीचं कार्ड जोडायला गेलं की सापडेनाच झालंय.” मी माझ्या खात्यातून चाचणीचं एक कार्ड जोडून पाहिलं. लगेच जोडलं गेलं. “माझ्याकडे होतंय, पुन्हा करून बघा,” असं कळवलं. तिनं पुन्हा लिहिलं. मी पुन्हा तेच, जरा तोडून कळवलं. शेवटी बिचारी क्वालिटीच्या कार्डाचा नंबर हातानं आपल्या कार्डाखाली लिहू लागली. साताऱ्यात ते कोण वाचतंय!

छाटण्या उरकून फवारण्या ऐन भरात आलेल्या, आणि आमच्या ब्लोअरच्या पंपातला रबराचा पडदा फाटू लागला. तीन आठवडे तक्रारी सांगलीतच पडून राहिल्या. एका सकाळी बागायतदारांनी ट्रॅक्टर ब्लोअरसकट ऑफिसच्या दारात आणून उभे केले. मोठे साहेब भडकले. “त्या मुलीनं कळवलंच नाही. महिनाअखेरीला तिला थांबवा.”

दुसऱ्या दिवशी अण्णा जागेवर नव्हते. सकाळची पहिली एसटी धरून सांगलीला गेले होते. दुपारी त्यांचा फोन आला.

“ताई, पोरीच्या खुर्चीत बसलोय. क्वालिटीच्या यादीत सांगलीच न्हाई. कवा निघाली?”

मी यादी उघडली. सांगली खरंच नव्हती.

“कुणी कवा काय बदललं ते तुमच्या खात्यातनं दिसतं म्हनं. मला दिसत न्हाई, आन बघायचंबी न्हाई. तुमी तेवढं बघा.”

मी पाहिलं. तारीख होती, वेळ होती, माझं नाव होतं. मी सांगलीचा गट यादीत टाकला. अर्ध्या तासात शबानाची सगळी कार्डं जोडली गेली आणि क्वालिटीत धावपळ उडाली.

साताऱ्याला परतल्यावर मोठ्या साहेबांच्या मीटिंगमध्ये अण्णा एवढंच म्हणाले, “सायेब, पोरीची चूक न्हाई. तिला दारच बंद हुतं.”

“कुणी बंद केलं?” साहेबांनी विचारलं.

अण्णा टेबलाकडे बघत राहिले. माझं नाव सांगायला त्यांना एक वाक्य पुरलं असतं. ते थांबले होते ते माझ्यासाठी, हे मला कळत होतं.

“अपडेटनंतर झालं असावं, सर,” मी म्हणाले.

शबानाची नोकरी राहिली. दिवाळीनंतर ती कायम झाली. साहेबांनी अण्णांची पाठ थोपटली, आणि काय सांगू, लाज वाटत असूनही मी तेव्हा त्या शाबासकीकडे जळत बघत होते.

अण्णा पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त झाले. निरोपाचा नारळ आणि शाल पिशवीत घालून निघाले तेव्हा मी त्यांना गाडीवरून स्टँडवर सोडायला गेले. म्हसवडची गाडी लागायची होती.

“ताई, येक सांगायचं राह्यलंय,” ते म्हणाले. “कार्डं जोडंनात तवा शबानाचा फोन मला पयल्याच हप्त्यात आलता.”

“मग?”

“गप बसलो. तुमी माझं खातं बंद केलं, त्येचा लय राग हुता. म्हनलं, सर्टिफिकिट लावलंय न्हवं भिताडावर, आता ताईलाच निस्तरू दे. तुमचा हेवा वाटायचा मला, खोटं कशाला बोलू? त्या पोरीची नोकरी जायची येळ आली तवा कुठं हाललो. वाईट वागलो मी.”

“अण्णा, मीसुद्धा” एवढंच मला म्हणायचं होतं. तेवढ्यात गाडी लागली. लोक धावले, अण्णाही पिशवी सावरत चढले. “सांभाळून जा,” एवढंच माझ्या तोंडून आलं.

पंधरा दिवसांनी शबानाचा फोन आला.

“मॅडम, अण्णा येऊन गेले इथं. म्हसवडहून खास! मी फोन केला तेव्हाच आले नाहीत म्हणून माझी माफी मागत होते हो. मला वाटलेलं, कामात असतील. मी म्हटलं, अण्णा, तुमच्यामुळंच तर नोकरी राहिली माझी. असा माणूस असतो का हो, मॅडम?”

खरं सांगते, माझ्या मनात चांगुलपणा वगैरे काही दाटून आला नाही. मला पुन्हा हेवाच वाटला. एवढ्या लांब येऊन, आपल्या तोंडानं सांगून हा माणूस मोकळा झाला होता. हेही एकट्या अण्णांनाच मिळावं, हे मला सहन होईना.

“शबाना,” मी म्हणाले, “सांगलीचा गट त्या यादीतून माझ्याकडून गेला होता. अपडेट वगैरे काही नव्हतं. मीटिंगमध्ये मी खोटं बोलले.”

पलीकडे कुणीतरी तिला हाक मारत होतं. तिनं ओ दिली नाही.

“अण्णांना माहीत होतं?” तिनं विचारलं.

“हो.”

पलीकडून पुन्हा हाक आली. तिनं फोन ठेवला नाही.