रामनवमीआधीचं ऑपरेशन

पोटाला छेद देणार याची मला भीती वाटली नव्हती. पण डॉक्टरबाई बोलता बोलता म्हणाल्या, "पूर्ण भूल द्यावी लागते, तेव्हा श्वासासाठी घशात नळी घालतात," आणि तिथेच माझं मन मागे फिरलं. माझा घसा हा माझा मोठा अभिमान होता. या वयात ते लपवण्यात काही अर्थ नाही.

आम्ही तंजावरकडचे मराठी. चेन्नईत येऊन तीन पिढ्या झाल्या. हे चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात होते, मी शाळेत गणित शिकवायची. आता दोघंही निवृत्त. घरात आम्ही बोलतो ती मराठी पुण्याच्या पाहुण्यांना जुन्या पोथीतली वाटते, शिवाय तीत निम्मे शब्द तमिळ. पण रामनवमीच्या उत्सवात आमच्या छोट्याशा राममंदिरात जी पदं म्हणतात, ती चोख मराठी. सासूबाईंनी ती मला शिकवली. त्या गेल्यावर बायकांच्या पुढे, मूर्तीसमोरच्या जागेवर मी बसू लागले. सव्वीस वर्षांत एकदाही खंड पडला नाही. मी वरचा स्वर लावला की चपला काढणारी माणसंसुद्धा दारात थांबून ऐकायची. कोणी कौतुक केलं की मी मान खाली घालून "सगळं रामाचं" म्हणायची आणि घरी जाताना तेच कौतुक मनात पुन्हा पुन्हा आठवायची.

दिवाळीनंतर पोटात पहिली कळ आली. उजव्या बरगडीखाली सुरू झाली ती पाठीतून खांद्यापर्यंत गेली. स्कॅनमध्ये पित्ताशयात खडे दिसले, एक-दोन नाही, बरेच. डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावलं, "त्रास नसता तर थांबलो असतो. आता दुखायला लागलंय, म्हणजे परत परत दुखणार. एखादा खडा पित्ताच्या वाटेत अडकला तर ताप येईल, कावीळ होईल. आज धावपळ नको, पण फार लांबवूही नका."

मी लांबवलं. नणंदेने सांगितलं म्हणून भुईआवळीचा रस घेतला. तळण बंद केलं. एका वैद्याकडे गेले, तो भला माणूस होता. म्हणाला, "या काढ्याने पोट हलकं राहील, खडे जातील असं मी सांगणार नाही." मला ते आवडलं नाही, मी त्याच्याकडे पुन्हा गेले नाही. मग कोणाच्या तरी फोनवरून आलेला उपाय केला. दिवसभर उपास, मग ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस. सकाळी हिरवट गोळे पडले तेव्हा मला वाटलं, रामाने ऐकलं! देवापुढे साखर ठेवली. सून तेन्मोळी दारात उभी होती. ती तमिळ घरातली, सासूला त्यांच्यात म्हणतात तसं मला अत्तै म्हणते. ती म्हणाली, "अत्तै, मला आनंदच आहे. पण एकदा परत स्कॅन करूया ना?"

परत स्कॅन झालं. खडे होते तिथेच होते. डॉक्टरबाई हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. "ते गोळे तेलाचे, पोटातच साबणासारखे बनतात," एवढंच म्हणाल्या. "आता दुखणं आठवड्याला येतंय. या महिन्यात करून घ्या. मग सहा आठवडे पोटातून जोर लावून गायचं नाही."

मी मनात हिशेब केला. सहा आठवड्यांच्या आत रामनवमी येत होती.

डॉक्टरबाईंचा दवाखाना अड्यारला. त्या दिवशी मी एकटीच गेले होते, हट्टाने. बाहेर पडले आणि चालता चालता रामाशी भांडू लागले. तुला माझं गाणं हवंय ना? मग तूच खडे विरघळव. नाहीतर नऊ दिवस तुझ्यापुढे गाणार कोण? असं मी खरोखरच मनात म्हटलं. आज लिहिताना लाज वाटते.

कोपऱ्यावरच्या मुरुगनच्या, म्हणजे कार्तिकेयाच्या, देवळापाशी पोहोचले आणि कळ आली. मी पायरीवर बसले, वाकले. ओट्यावर एक पन्नाशीचा माणूस नागस्वरम कापडाने पुसत होता. आपल्या सनईहून ते वाद्य लांब आणि दमदार असतं, त्याला छातीत मोठा श्वास लागतो. त्याने पाणी आणून दिलं. माझा हात कुठे दाबलेला आहे ते पाहिलं आणि तमिळमध्ये विचारलं, "पित्ताशय का, अम्मा?"

मी चकित होऊन मान हलवली.

"मलाही होतं." त्याने सदरा जरा वर केला. पोटावर चार बारीक खुणा होत्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या. "डॉक्टरांनी वेळेत सांगितलं होतं. मी म्हटलं, लग्नाचे मुहूर्त संपू दे, देवळातला उत्सव होऊ दे. माझ्यावाचून कसं होईल? मग एका लग्नात वाजवतानाच कोसळलो. ताप चढला, आत पू झाला. महिन्याचं काम होतं, त्याला तीन महिने लागले."

"घशात नळी घातली होती?" मला तेवढंच विचारायचं होतं.

"घातली होती. चार दिवस घसा खवखवला." तो हसला. "आता ऐकाल तुम्ही."

"आणि त्या तीन महिन्यांत देवळात कोण वाजवायचं?"

"माझा चुलतभाऊ. आमच्या गावच्या मुरुगनने ऐकलं त्याचं. काही तक्रार आली नाही."

तो गमतीने बोलला होता, पण माझ्या आत काहीतरी सटकन तुटलं. सव्वीस वर्षं मी ज्याच्यापुढे गात होते, त्याला माझ्यावाचून अडेल असं मी धरून चालले होते. यालाच मी भक्ती म्हणत होते.

आत घंटा वाजली. तो उठला, वाद्य ओठांना लावलं, आणि तो पहिला लांब स्वर माझ्या बसल्या पायरीतून अंगात आला. कळ ओसरेपर्यंत मी ऐकत राहिले. मग ह्यांना फोन केला. "तारीख घेऊन टाका," म्हटलं.  हे म्हणाले, "शहाणी गं माझी." त्या एका शब्दाचा मला जेवढा अभिमान वाटला, तेवढा कुठल्या कौतुकाचा वाटला नव्हता.

ऑपरेशन नीट झालं. घसा आठवडाभर बसला, मग उघडला.

रामनवमीच्या उत्सवात पुढे कोण बसणार हा प्रश्न होताच. मी विचारायच्या आधी तेन्मोळीने एक वही माझ्यासमोर ठेवली. सगळी पदं तिने तमिळ अक्षरांत लिहून काढली होती. तमिळमध्ये क, ख, ग, घ यांना एकच अक्षर. तिने प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एक, दोन, तीन, चार असे बारीक आकडे घातले होते. "आठ वर्षं स्वयंपाकघरातून ऐकतेय, अत्तै. चुकलं तर रागवायचं नाही."

ती बसली. 'भ' म्हणताना दोनदा 'ब' झाला. पण 'ळ' असा काही गोल आणि गोड लागला, की तसा आमच्यात कोणाचाच लागत नाही. मी खुर्चीवर पोटाशी उशी धरून ऐकत होते. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या मामींनी विचारलं, "कोणाची मुलगी गं ही?"

"माझी," मी म्हटलं. छाती अशी भरून आली की टाके जाणवले.

महिन्याने मी फळं आणि धोतर घेऊन त्या देवळात गेले. ओट्यावर दुसराच कोणी नागस्वरम घेऊन बसला होता. पुजारी म्हणाले, तो माणूस दोनच दिवस बदली म्हणून आला होता, गाव ठाऊक नाही. त्याचं नावही मी विचारलं नव्हतं. फळं मुरुगनपुढे ठेवली, धोतर त्या वाजवणाऱ्याला दिलं. याहून जास्त अर्थ मी लावत नाही. त्या घडीला मला जे हवं होतं ते मिळालं, त्याबद्दल हात जोडते.

आता माझा आवाज पहिल्यासारखा लागतो. पण यंदाही मी तेन्मोळीलाच पुढे बसवलं आणि मागच्या रांगेत झील धरली. मागून मूर्ती नीट दिसत नाही, बायकांची डोकी आड येतात. मात्र पंधरा-वीस गळे एका स्वरात कसे मिसळतात, ते तिथूनच ऐकू येतं. सव्वीस वर्षं पुढे बसून मी ते कधी ऐकलंच नव्हतं.