लाल रुमालाचा परीक्षक

बोकडाचा आवाज मोठा होता, एवढं मी आजही मान्य करतो. गाणं मोठं होतं असं मी कधी म्हटलेलं नाही. भर उन्हाळ्यात काळं चामड्याचं जाकीट घालून तो दहिवडीच्या बाजारात ओरडायला लागला की बांधलेली शेरडं कान टवकारायची. ‘बोकड’ हे नाव मीच ठेवलं. आता तो स्वतःला रॉकस्टार म्हणवतो आणि टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून बसतो. त्याचं खरं नाव मी लिहिणार नाही.

मी शेळ्यामेंढ्यांचा व्यापारी. एका करडापासून सुरुवात केली, आज इस्लामपुरात स्वतःचं घर आहे. तो तेव्हा मलकापूरला एका खोलीत तीन मित्रांबरोबर बँड चालवायचा. ड्रम न्यायला गाडी नव्हती, म्हणून माझा टेम्पो मागायला आला. मी फुकट काही देत नाही. आठवड्याला एक बाजार माझ्याबरोबर करायचा, मग टेम्पो ने, असं ठरलं. दोन वर्षं त्याच्या ड्रमला लेंड्यांचा वास यायचा. नाक धरावं की टाळ्या वाजवाव्यात, हे कॉलेजच्या पोरांना कळायचं नाही.

कशावरही त्याचं एकच उत्तर असायचं, “आबा, फील पायजे.” सूर गेला तरी फील, शब्द विसरला तरी फील. कराडच्या एका कार्यक्रमात अर्धं कडवं विसरला आणि तेवढा वेळ नुसता बेंबीच्या देठापासून ओरडला. लोकांना तेच आवडलं. त्या ओरडण्यावर पुढे एका मालिकेचं शीर्षकगीत मिळालं, आणि त्यावर ही परीक्षकाची खुर्ची.

आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, असं का? मी म्हणालो, “नडलेला माणूस किती खाली आला, ते चार लोकांत दिसू नये म्हणून.” रुमाल उचलला की आतलं आतच राहतं. हे मी त्याला माझ्या हाताने शिकवलं.

टीव्हीवर तो स्पर्धकाच्या हातावर लाल रुमाल टाकतो, बोटं दाबून गुण देतो, आणि लगेच रुमाल उडवून साऱ्या महाराष्ट्राला ओरडून सांगतो, दहातले तीन. समोरची पोरगी रडते, कॅमेरा तिच्या डोळ्यांत शिरतो. वर म्हणतो, ही विद्या मला आज्ज्याने दिली. त्याचा आजा टपाल खात्यात होता. शेळीशी त्याचा संबंध चहातल्या दुधापुरता.

यंदा सांगलीला त्याचं शूटिंग होतं. मी गेलो. तो मेकअपच्या खुर्चीत केस वाळवून घेत होता. उठून पाया पडला. तेवढं वळण राहिलंय. मी म्हणालो, “मला काय नको. आज स्टेजवर एकदा सांग, रुमाल कुणी शिकवला.”

“आबा, आज्ज्याची गोष्ट चॅनेलवाल्यांनी लिवल्याय. लोक रडत्यात तिच्यावर. आता बदलू कशी?”

“तुज्या तोंडानं. ते लय मोठं हाय की.”

खोलीतली माणसं हातातलं काम सोडून बघायला लागली. माझं डोकं तापलं होतं. मी खांद्यावरचं उपरणं काढून त्याच्या हातावर टाकलं आणि आत हात घातला. तो खाली बघत बोटं दाबत राहिला, बराच वेळ. मी मागितलेलं त्यात नव्हतं. मी हात काढून घेतला. सौदा मोडला.

मग तो स्टेजवर गेला आणि त्याने आज्ज्याची गोष्ट सांगितली. लोक रडले. प्रेक्षकांत माझ्या शेजारी बसलेला गृहस्थ डोळे पुसत मला म्हणाला, “मातीतला माणूस हाय बघा.” जन्मभर बाजारात ओरडलेला माझा गळा, मला माईक लागत नाही. एक हाक मारली असती तर टपालातला आजा तिथंच आडवा झाला असता. मी गप्प बसलो.

घरी आल्यावर झालेलं ऐकून बायकोने विचारलं, उपरण्याखाली काय देत होता तो? तिलाही सांगितलं नाही. तो किती खाली आला होता, ते मला माहीत आहे. दुसऱ्या कुणाला ते कळणार नाही.